तीनशे दहा मीटर

मी काय काम करते हे मी आता कुणाला सांगत नाही. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हटलं की लोक आपला बिघडलेला प्रिंटर काढतात. नाशिकला आमच्या जेलरोडच्या सोसायटीत मी गेली कित्येक वर्षं वायफाय दुरुस्त करणारी बाई आहे, आणि तेही फुकट. आई होती तोवर ती पाहुण्यांना सांगायची, “ही मोठ्या यंत्रांची भांडणं सोडवते.” माझ्या कामाच्या इतकं जवळ दुसरं कुणी पोचलं नाही.

अंबडच्या पुढे एक डेटा सेंटर आहे. बाहेरून गोदाम वाटावं अशी बिनखिडक्यांची इमारत. आत उंच कपाटांच्या रांगा, कपाटांत सर्व्हर, आणि त्या सर्व्हरना एकमेकांशी बोलू देणारे स्विच. ते स्विच माझ्याकडे. एरवी नेटवर्कमध्ये माहितीचे तुकडे हरवतात आणि कुणाचं काही बिघडत नाही; हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो, बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण मागे आमच्याकडे एका ग्राहकाची नवी यंत्रं आली, सगळी मिळून एकच भलंमोठं गणित सोडवणारी. त्यांच्यात एक तुकडा हरवला की सगळी ताटकळत बसतात. त्यांच्यापुरता रस्ता असा बांधावा लागतो की वाटेत काही म्हणजे काही सांडता कामा नये.

न सांडण्याची युक्ती मी लहानपणी एकलहऱ्याला शिकले होते, फक्त तेव्हा ते मला माहीत नव्हतं. वडील तिथल्या वीज केंद्रात होते, आम्ही वसाहतीत राहायचो. आई पुढच्या नळाला लांब पाइप जोडून मागच्या अंगणातलं पिंप भरायची. पिंप भरत आलं की ती मागून ओरडायची, “बंद कर”, आणि मी नळाकडे धावायचे. मी पोचेपर्यंत पाणी येतच राहायचं, म्हणून ती वीतभर जागा ठेवूनच ओरडायची. स्विचचंही तसंच. स्वतःची जागा भरत आली की तो मागच्या स्विचला ‘थांब’ सांगतो, पण निरोप पोचेपर्यंत जे निघालेलं आहे ते येणारच. त्याच्यासाठी आधीपासून जागा राखून ठेवावी लागते. किती राखायची, ते मधली केबल किती लांब आहे त्यावर ठरतं. म्हणून प्रत्येक जोडणीपुढे केबलची लांबी मीटरमध्ये लिहायची. आकडा कमी पडला तर रोजच्या कामात काही दिसत नाही. खरा लोंढा आला की मगच सांडतं.

वडिलांची आणखी एक सवय माझ्याकडे आली. त्यांच्या कंट्रोल रूममध्ये फोनवरून सूचना आली की ती शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायची, आणि पलीकडून ‘बरोबर’ आलं की मगच हात पुढे करायचा. घरीही त्यांचं तेच. आईनं “अर्धा किलो तूरडाळ” म्हटलं की हे पिशवी हातात धरून “अर्धा किलो तूरडाळ” म्हणणार, आणि ती ‘हो’ म्हणेपर्यंत जागचे हलणार नाहीत. आई वैतागायची. मी नोकरीला लागल्यावर तोच नियम उचलला. न सांडणाऱ्या रस्त्याचं काम एकटीनं करायचं नाही. एकानं कागदावरून वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं आणि टाइप केलेलं मोठ्यानं परत म्हणायचं. ऑफिसातल्या तरुण मंडळींनी एकेकदा वाचून पाहिलं आणि काढता पाय घेतला. “मॅडम, कॉपी-पेस्ट करा ना,” असं त्यांचं म्हणणं.

टिकले ते एकटे दादा. दादा मी म्हणायचे. वयानं ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील. ते आमच्या नोकरीत नव्हते. केबल टाकणाऱ्या ठेकेदाराचे माणूस, कळवणकडच्या एका खेड्यातले. आठवडाभर सातपूरला खोली करून राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं घरी जायचे. बायकोशी फोनवर अहिराणीत बोलायचे, त्यातलं मला निम्मंच कळायचं. इंग्रजी त्यांचं बेताचं, आणि म्हणूनच ते वाचायला उत्तम होते. ज्याला इंग्रजी येतं तो पुढचा शब्द मनानंच म्हणून मोकळा होतो. हे अक्षर न् अक्षर वाचायचे, मधल्या रेघेसकट, आणि मी परत म्हणताना चुकले तर शाळामास्तरासारखे थांबायचे. “परत,” एवढंच म्हणायचे. मी चिडायचे आणि परत म्हणायचे.

दुपारी आम्ही जनरेटरच्या खोलीमागच्या पायऱ्यांवर डबा खायचो. माझ्या डब्यात बहुधा पोळी आणि लोणचं, कारण एकटीसाठी भाजी करायचा मला कंटाळा. ते आपल्या डब्यातली भाजी न विचारता माझ्या झाकणात वाढायचे आणि द्राक्षाच्या छाटणीपासून त्यांच्या म्हशीच्या दुखण्यापर्यंत काहीही सांगत बसायचे. मी फारसं बोलायचे नाही. पण खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्याशी कामाखेरीज बोलणारं माणूस ते एवढंच होतं, आणि रविवारी मला ते जाणवायचं.

आई गेली तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर झाडून सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले. अमरधामच्या स्मशानात आले ते दादा. कोपऱ्यात उभे राहिले, निघताना भावाला म्हणाले, “मॅडमला आज चहा तरी पाजा.” भाऊ तेराव्यानंतर पुण्याला गेला.

आईला वर्ष झालं तो दिवस रविवार होता. सगळा महाराष्ट्र आपापल्या माणसांचं करायला आमच्या रामकुंडावर येतो, आणि नाशिकच्या बाईचं वर्षश्राद्ध तिच्या मुलानं पुण्यात आटोपलं, का तर वहिनीला प्रवास झेपत नाही. सकाळी त्यानं पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘सगळं छान झालं.’ मला बोलावलं नव्हतं असं नाही. ‘तुला जमलं तर ये’ असं बोलावलं होतं. मला घरात बसवेना. नव्या हॉलच्या जोडण्यांचं काम तसंही त्या रविवारीच ठरवता येण्यासारखं होतं. मीच ते ठरवलं होतं, आधीच, तारीख बघून.

नवा हॉल म्हणजे मागची इमारत. ग्राहकाची यंत्रं वाढली, म्हणून चार कपाटं तिकडे नेली होती आणि दादांनी इकडून तिकडे फायबर टाकलं होतं. शनिवारी मी त्यांना फोन करून सांगितलं, “उद्या वाचायला नको. मी एकटीच करते. तुम्ही फक्त तिकडच्या स्विचवरचे दिवे लागलेत का ते बघा.” ते “बरं” म्हणाले, आणि त्या आठवड्यात गावी गेले नाहीत.

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज इतका असतो की कानांवर हेडफोन घालावेच लागतात. मी ते घातले, लॅपटॉप उघडला आणि जुन्या हॉलचं सगळं जसंच्या तसं नव्या जोडण्यांना उतरवायला लागले. इकडच्या सगळ्या केबली चाळीस मीटरच्या आतल्या, म्हणून सगळीकडे चाळीस लिहिलेलं. नव्यांनाही चाळीस. मागची इमारत भिंतीला भिंत लागून आहे, मोठ्यानं हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. केबल कुठून कशी गेली असेल हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. डोक्यात ते ‘सगळं छान झालं’ होतं.

दादा केव्हा येऊन उभे राहिले कळलं नाही. डोळ्याच्या कडेला त्यांचा निळा शर्ट दिसला, हातात घडी केलेला कागद. ते काहीतरी म्हणाले. मला रडू येत होतं आणि ते त्यांनी बघू नये असं वाटत होतं. मी मान न वळवता त्यांच्याकडे तळहात केला. ट्रॅफिक पोलीस करतो तसा. ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. मी काम संपवलं, दिवे हिरवे होते, घरी येऊन झोपले.

पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. मग ग्राहकानं पहिल्यांदा सगळी यंत्रं एकदम जुंपली आणि तुकडे सांडायला लागले. फक्त नव्या हॉलकडच्या जोडण्यांवर. गणित अर्ध्यात अडकायचं, पुन्हा सुरू करावं लागायचं. ग्राहकाचे लोक व्हिडिओ कॉलवर आले, आमचे मॅनेजर घामाघूम, ठेकेदारही बोलावलेला. दादा त्याच्यामागे भिंतीला टेकून उभे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. या विषयात इमारतीत मीच एक शहाणी.

मी म्हटलं, “सेटिंग दोन्ही हॉलला एकच आहे. जुन्या हॉलला एकही तुकडा पडत नाही. मग फरक कशात आहे? केबलमध्ये.”

वाक्य बिनचूक होतं, म्हणून तर कुणी उलटून विचारलं नाही. वर त्या जोडण्यांवर पहिल्या दिवशीच्या धुळीनं झालेल्या दोन-चार चुकांची नोंद होती, ती मी पडद्यावर दाखवली. केबल खराब असली तर चुका वेगळ्या खात्यात पडतात आणि जागा अपुरी पडली तर वेगळ्या, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. त्या दिवशी मी ते खातं उघडूनच पाहिलं नाही. चूक माझी असू शकते ही शक्यताच मला अपमानाची वाटत होती.

दादांनी दोन दिवस एकेक टोक काढून साफ केलं, पुन्हा बसवलं, पुन्हा तपासलं. मी त्या दोन दिवसांत डबा टेबलावरच खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. “मॅडम, एकदा तुमचा कागद घेऊन बसायचं का? मी वाचतो.”

“कागद बरोबर आहे, दादा.”

“बरं,” ते म्हणाले.

तुकडे पडतच राहिले. ठेकेदारानं ग्राहकासमोर नाक राखायला त्यांना कामावरून काढलं, ‘हातात सफाई नाही’ असं आमच्या मॅनेजरला लेखी देऊन. जायच्या दिवशी दादा सांगायला आले. मी म्हटलं, “फोन करा मधनंमधनं.” ते हसले. ते करणार नाहीत हे दोघांनाही कळलं. त्या संध्याकाळी मी द्वारका चौकात सिग्नलला उभी असताना मला एकदम वाटलं की आता उद्यापासून मी कुणाशी बोलणार? मग स्वतःचाच राग आला. माणसाची भाकर गेली होती आणि मी माझ्या गप्पांचं बघत होते.

ठेकेदाराची दुसरी माणसं आली, त्यांनी जुनी केबल ओढून काढली आणि त्याच चरातून नवी घातली. पुन्हा लोंढा आला, पुन्हा सांडलं. अगदी तितकंच. नव्या कोऱ्या केबलवर.

त्या दुपारी मी पाणी प्यायला उठले तर जुनी केबल पॅसेजमध्ये वेटोळं करून ठेवलेली होती. वेटोळं केवढं थोरलं आहे हे बघून मी पाण्याचं विसरले आणि खाली वाकले. टोकाला दादांनी बांधलेली पांढरी पट्टी होती. ते प्रत्येक केबलला पट्टी बांधायचे आणि त्यावर मार्करनं लिहायचे, कुठून कुठे आणि किती. त्यांच्या त्या गोल, शाळकरी आकड्यांत लिहिलं होतं, ३१० मी. भिंतीला भिंत लागून असलेल्या इमारतीत केबल जनरेटरच्या आवाराला वळसा घालून, टाक्यांमागच्या चरातून गेली होती. सरळ भोक पाडायला परवानगी नव्हती. इमारतीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. मी सोडून.

मी पॅसेजमध्येच खाली बसले. त्या घडीच्या कागदावर काय होतं ते मला तेव्हा कळलं.

चाळीसचे तीनशे दहा करायला मला चार मिनिटं लागली. मोठ्यानं म्हणत केलं, ऐकायला कुणी नव्हतं. संध्याकाळी ग्राहकानं पुन्हा सगळं जुंपलं आणि एकही तुकडा पडला नाही.

मॅनेजर खूश झाले. मी त्यांना खोलीत जाऊन काय घडलं ते सांगितलं. ते म्हणाले, “मिटलं ना? मग कशाला उकरून काढता? नवीन केबलनं मिटलं असंच म्हणू. ठेकेदारही खूश.”

“दादांचं काय?”

“कोण दादा?” त्यांनी खरंच विचारलं.

मी टेबलावर आले आणि लिहिलं. केबल सुरुवातीपासून निर्दोष होती, लांबी मी चुकीची भरली, लांबीचा कागद घेऊन आलेल्या माणसाला मी परत पाठवलं, दोष माझा. मॅनेजरना, ठेकेदाराला आणि ग्राहकाला एकदमच पाठवलं, म्हणजे मध्ये कुणाला अडवता येऊ नये. त्यानंतर माझ्या प्रत्येक कामावर पुण्याचा एक इंजिनिअर व्हिडिओवरून नजर ठेवायला बसला. तो माझ्या पुतण्याच्या वयाचा आहे आणि सारखा ‘ओके, ओके’ म्हणतो. मॅनेजर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले, म्हणजे पूर्वीइतकंच. ठेकेदार मात्र सरळ माणूस निघाला. म्हणाला, “बोलवा त्याला. मी घेतो परत.”

त्यानं हे सांगितलं त्याच दिवशी डब्याच्या वेळी मी पायऱ्यांवर बसून फोन लावला. पलीकडे कसलंतरी यंत्र घरघरत होतं. दादा दिंडोरीकडे एका वायनरीत लागले होते, कॅमेऱ्यांच्या केबली टाकायला.

“बोला मॅडम.”

मी मनात जुळवून ठेवलेलं सगळं एका दमात म्हटलं. “तुमची केबल चांगली होती. चूक माझी होती. मी तीनशे दहाच्या जागी चाळीस लिहिलं होतं. मी सगळ्यांना लेखी कळवलंय, तुमच्या साहेबांनाही. ते तुम्हाला परत घ्यायला तयार आहेत.”

“लेखी दिलं?” त्यांचा आवाज काळजीत पडल्यासारखा झाला. “कशाला मॅडम? तुम्हाला काय बोलले तर नाय ना?”

“दादा, मी म्हणतेय चूक माझी होती.”

“हो. मला माहीत हाय.”

“माहीत आहे म्हणजे?”

“त्या रविवारी मी कागद घेऊन आलो ना, तवा पडद्यावर दिसलं. चाळीस, चाळीस, चाळीस, पार खालपर्यंत. आधी वाटलं, मॅडमनं काय तरी बघूनच लिवलं असंल. मग तुकडे पडाया लागले, तवा समजलं.”

“मग मीटिंगमध्ये का नाही बोललात? तिथेच तर होतात.”

कुणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी ‘आलो’ म्हटलं, आणि पलीकडची घरघर लांब गेली. ते चालत बाहेर आले असावेत.

“परत या ना,” मी म्हटलं.

“नाय जमायचं आता. इथून गाव लय जवळ पडतं. रोज वणीवरून गाडी भेटती, रातच्याला जेवायला घरीच जातो. पोरं बी खूश हायेत.”

“मला सांगा तुम्ही का गप्प बसलात. नाहीतर मला चैन पडणार नाही.”

“राहू द्या ना मॅडम.”

“सांगा.”

“माझं काय, मी केबल कुठं बी वढीन. आठ दिवसांत इथं लागलो.” ते थांबत थांबत बोलत होते, मला लागू नये असे शब्द शोधत असल्यासारखे. “अन् मला काढलं त्या दिवशी मी घरी गेलो, बायको चार शिव्या घालून मोकळी झाली, आई म्हणली जेव आधी. संपलं. तुमच्यावर आलं असतं, तर तुम्ही घरी जाऊन कुणाला सांगितलं असतं?”

मला कुणी माझी कीव केलेली खपत नाही. भावाशी, वहिनीशी, सोसायटीतल्या बायकांशी मी त्यावरून भांडलेली आहे, आणि माझी जीभ तेव्हा चांगली चालते. आताही मी काहीतरी लागेल असं बोलायला तोंड उघडलं. राग काही येईना. हा माणूस नोकरीवर पाणी सोडताना माझ्या रिकाम्या घराचा विचार करत होता एवढंच पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं.

“आहेत की माझीही माणसं,” मी म्हटलं.

“हां,” दादा म्हणाले. कोण, ते त्यांनी विचारलं नाही.